‘पुण्यात फ्लॅट आहे का?’ सोयरिकीतल्या एका प्रश्नामागचा वीस लाखांचा हिशोब

श्रीगोंदा तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत. मुलीकडची मंडळी घर बघायला आली होती. ओट्यावर सतरंजी, पोहे झाले, चहा झाला. मुलगा चाकणला कंपनीत, वय 29. घरी साडेतीन एकर, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, दोन जर्शी गाया. मुलीच्या वडलांनी कांद्याचा भाव, पाऊसपाणी असं इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि शेवटी विचारलंच, “बाकी सगळं पसंत आहे हो. पुण्यात फ्लॅट आहे का?”

मुलाचे वडील पटकन म्हणाले, “घेणार आहे ना. बुकिंग चाललंय.”

बुकिंग वगैरे काही चाललेलं नव्हतं. पोरगा मोशीत तिघांबरोबर खोली घेऊन राहत होता. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर वडील त्याला म्हणाले, “आता बोलून बसलोय. खालचं एक एकर काढून टाकू.”

मंडळी, हा प्रसंग तुमच्या गावात घडला नसेल असं होणार नाही. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, कुठंही विचारा. मध्यस्थ फोनवर पहिल्या दोन मिनिटांत हेच विचारतो. बायोडाट्यात शिक्षणाच्या खाली आता ‘स्वतःचा फ्लॅट’ अशी वेगळी ओळ असते. ती रिकामी असली की पुढचा फोन येत नाही. म्हणून पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची पोरं, ज्यांची नोकरी अजून पक्की नाही, ती घराच्या मागे लागलीत. त्यांना घर राहायला हवं असतं असं नाही. बऱ्याच वेळा ते फक्त दाखवायला हवं असतं.

हा दबाव कुठून आला, त्याचा खरा हिशोब काय आणि घ्यायचंच असेल तर काय बघायचं, ते नीट समजून घेऊ.

मुली कमी, म्हणून अटी जास्त?

हे कारण सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात (तेव्हा अहमदनगर) शून्य ते सहा वयाच्या दर 1000 मुलांमागे 884 मुली होत्या. राज्याचा आकडा 913 होता. त्या वेळी अंगणात खेळणारी तीच पोरं आज लग्नाची आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा आणखी घसरून 852 वर आला. म्हणजे आज जी पोरं दहावी-बारावी करून कॉलेजात गेलीत, त्यांची पाळी येईल तेव्हा गोष्ट याहून अवघड असेल. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले. ज्यांच्या घरात तिशी ओलांडलेला पोरगा आहे, ते हसले नाहीत.

पण सगळं खापर मुलीच्या बापावर फोडून चालणार नाही. तो असं का विचारतो, हे त्याच्या जागी बसून बघा. त्याच्या डोळ्यासमोर असतं ते असं: पोरगी बारावी, डी.फार्म किंवा बी.एस्सी. झालेली. तिला पुण्यात काम मिळू शकतं. आज जावयाची नोकरी आहे, पण ती ठेकेदाराकडची निघाली आणि गेली, तर पोरगी परत गावाला येणार. पहाटे उठून गायांच्या धारा, दिवसभर खुरपणी, उन्हाळ्यात टँकरपुढे रांग. तिच्या आईने हेच आयुष्यभर केलंय आणि तीच आई आतून सांगते, “माझ्यासारखं नको.” लॉकडाऊनमध्ये अशा कितीतरी पोरी नवऱ्यासोबत बोचकी घेऊन गावी परत आल्या, त्यातल्या काही परत गेल्याच नाहीत. त्यामुळे बापाला वाटतं, फ्लॅट असला की पोरगी शहरात राहील, एवढं तरी पक्कं.

भीती खरी आहे. फक्त तिच्यावर जो उपाय शोधलाय, तो बरोबर आहे का, हे कोणी कागदावर मांडत नाही. आपण मांडू.

32 हजार पगार, 35 लाखांचा फ्लॅट

समजा पोराला हातात 32 हजार येतात. (चाकण, रांजणगाव, सुपा भागात कंत्राटी पोरांना यापेक्षा कमीच मिळतं, पण आपण जरा चांगला आकडा धरू.) पुण्याच्या कडेला, पण महापालिकेच्या हद्दीत, एक बेडरूमचा फ्लॅट 35 लाखांना मिळतोय असं धरू.

बँक पहिल्यांदा पगार बघते. सगळे हप्ते मिळून साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत जावेत, असा तिचा अंदाज असतो. गाडीचा, मोबाईलचा हप्ता चालू असेल तर तो आधी वजा. वडलांचं शेतीचं उत्पन्न कागदावर दाखवता आलं नाही तर ते फारसं धरत नाहीत. म्हणजे या पोराला महिना 16 हजारांच्या आसपास हप्ता झेपेल असं बँक म्हणणार. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर एवढ्या हप्त्यात कर्ज बसतं सुमारे 18 लाख. हप्ता येतो 16,195 रुपये.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. बिल्डरचा माणूस हेच सांगतो, “फक्त दहा टक्के भरा, बाकी लोन.” पण 90 टक्के ही वरची मर्यादा आहे, हक्क नाही. पगार बसला नाही तर 90 टक्के कोणी देत नाही.

तर 35 मधून 18 गेले, राहिले 17 लाख. ते स्वतःचे.

शिवाय मुद्रांक शुल्क. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मेट्रोचा अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 2 लाख 45 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी. 45 लाखांच्या आतल्या लहान घराला तो 1 टक्का आहे, म्हणजे 35 हजार. (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी लागत नाही, हे बरेच जण सांगत नाहीत.) हे खर्च कर्जात बसत नाहीत, खिशातूनच द्यावे लागतात.

बेरीज करा. वीस लाख दहा हजार. त्यात पार्किंग नाही, सोसायटीची ठेव नाही, पंखे-कपाट नाही, वकील-एजंट नाही. आणि लग्नाचा खर्च तर वेगळाच.

32 हजार पगाराच्या पोराकडे वीस लाख रोख कुठून येणार? ते येतात वावरातून.

आता दुसरी बाजू, हप्त्याची. पहिल्या महिन्यात जे 16,195 भरले, त्यातले 13,500 व्याजात गेले. मुद्दल फिटलं फक्त 2,695. पाच वर्षं इमानदारीत हप्ते भरले तर खिशातून गेले 9 लाख 71 हजार, आणि कर्ज कमी झालं सुमारे 2 लाख. बाकी अजून जवळजवळ 16 लाख तसेच उभे. वीस वर्षांत 18 लाखांचे 38 लाख 87 हजार होतात. हे काही बँक लुबाडते म्हणून नाही, लांब मुदतीच्या कर्जाचं गणितच तसं असतं. पण सही करण्याआधी हे कोणी समजावून सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

घरकर्जाचा व्याजदर बहुधा बदलता असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्या काळात कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढत गेली, आणि त्यांना ते कळलंही नाही. 2025 मध्ये दर परत उतरले. तुमचं कर्ज आधीच चालू असेल तर बँकेत जाऊन किती हप्ते राहिलेत ते एकदा विचारून या. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्येच सांगितलेलं आहे.

हातात जास्तीचे पैसे आले तर ते मुद्दलात भरता येतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर त्यासाठी दंड लावता येत नाही. वरच्याच उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर मुदत साडेतीन वर्षांच्या आसपास कमी होते. बोनस आला की आधी गाडी बदलायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

वावर विकायच्या आधी

इथं जरा थांबू, कारण घरं मोडतात ती इथंच.

पहिली गोष्ट बहिणीची. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. 2005 च्या दुरुस्तीने तो दिला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे काय होतं? भावाचं लग्न जमावं म्हणून बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतात. ती साडी-चोळीवर सही करून जाते. पुढे तिच्या घरी अडचण आली की तिला कळतं की आपण काय सोडलं. किंवा सही न घेताच व्यवहार होतो आणि मग दावा पडतो, घेणाराही अडकतो आणि देणाराही. जमीन विकायची असेल तर बहिणीला आधी बसवून सांगा. तिचा हिस्सा पैशात द्यायचा असेल तर तो वीस लाखांच्या हिशोबात धरा. आपल्या बहिणीच्या वाट्यातून दुसऱ्याच्या मुलीला सुरक्षितता द्यायची, हा व्यवहार मला तरी विचित्र वाटतो.

दुसरी गोष्ट, विकलेलं परत मिळत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे घेणारा शेतकरी असावा लागतो. थोडी विकली तर ठीक, पण सगळीच काढली आणि सातबाऱ्यावरून नावच गेलं, तर उद्या पुन्हा शेत घेताना शेतकरी असल्याचा पुरावा देणं जड जातं. शिवाय विहिरीच्या बाजूचा तुकडा विकला की उरलेल्या जिरायताला पाणी कुठून आणणार? विकताना भाव मिळतो बागायताला, म्हणून लोक नेमकं तेच काढतात.

तिसरी गोष्ट सावकार. बिल्डरने सांगितलेल्या तारखेला पैसे कमी पडले की ‘दोन महिन्यांसाठी’ म्हणून तीन टक्क्यांनी उचलतात. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. पाच लाखांचं नुसतं व्याज महिन्याला 15 हजार, म्हणजे बँकेच्या हप्त्याएवढा दुसरा हप्ता. वर जमिनीचं खरेदीखत करून मागतात, ‘पैसे दिले की उलटं करून देतो’ म्हणतात. ते करू नका. विनापरवाना सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) कार्यालयात करता येते.

स्वस्त फ्लॅट स्वस्त का असतो

‘वीस लाखांत वन बीएचके, लगेच ताबा’ अशा जाहिराती मोबाईलवर रोज येतात. त्यातल्या बऱ्याच इमारती गुंठा-दोन गुंठ्यांत, परवानगी न घेता बांधलेल्या असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे मोठ्या बँका तिथं कर्ज देत नाहीत. मग बिल्डरच्या ओळखीची एखादी पतसंस्था किंवा छोटी फायनान्स कंपनी पुढे येते, व्याज 12 टक्के किंवा वर. 12 टक्क्यांनी 20 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता 22 हजार होतो. बँकेने नाही म्हटलं, तर ‘बँकवाले त्रास देतात’ असं समजू नका. त्यांच्या वकिलाला कागदात काहीतरी दिसलेलं असतं आणि तो सल्ला तुम्हाला फुकटात मिळालेला असतो.

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की ताबा कधी द्यायचा, परवानग्या कुठल्या, खटले किती, सगळं दिसतं. पण नंबर आहे म्हणजे झालं असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट कागद दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथं राहणाऱ्यांनी पैसे भरलेले होते, हप्ते चालू होते. त्यामुळे बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेत किंवा पीएमआरडीएकडे जाऊन विचारावं. एक सुट्टी जाईल, जाऊ द्या.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. “आज पाच लाख द्या, करार पुढच्या महिन्यात” असं कोणी म्हणालं तर उठून यायचं. मुलीकडच्यांना फोटो दाखवायची घाई असते म्हणून इसार देऊन बसतात आणि मग वर्षभर बिल्डरच्या ऑफिसचे जिने चढतात.

सरकारी मदतीचंही बघून ठेवा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना, 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचं व्याज अनुदान आहे. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको आणि गेल्या 20 वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नको. गावाकडं अनेकांचं इथंच अडतं. बिल्डर ‘सबसिडी मिळेल’ म्हणून सांगेल, पण घराची नोंद कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत आधी बघा. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडतही निघते. तिथं नशीब लागतं, पण अर्ज करायला काय जातं?

लग्न झाल्यावरचा फ्लॅट

फ्लॅट दाखवला, लग्न झालं. पुढं काय?

पगार 32 हजार, हप्ता 16 हजार, सोसायटीचा मेंटेनन्स हजार-दीड हजार. राहिले साडेचौदा. त्यात गॅस, किराणा, पेट्रोल, मोबाईल, गावाकडं आजारपण, सणाला येणं-जाणं. पोरगा ओव्हरटाइम मागून घेतो, रविवारही कंपनीत. पहिलं मूल झालं की बायकोची नोकरी थांबते. मग घरात पहिलं वाक्य येतं, “तुमच्याच लोकांना फ्लॅट हवा होता.” दुसरं वाक्य येतं ते धोक्याचं, “माहेरून दोन लाख आण.” ज्या बापाने पोरीच्या भल्यासाठी अट घातली, त्याच्याच दारात ती अट हप्ता होऊन परत येते. एक सांगून ठेवतो, फ्लॅटच्या हप्त्यासाठी माहेरून पैसे आण म्हणणं हीसुद्धा हुंड्याचीच मागणी आहे. त्यासाठी छळ केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली गुन्हा दाखल होतो.

हप्ते थकले तर 90 दिवसांनी खातं बुडीत धरतात. मग 60 दिवसांची नोटीस आणि त्यानंतर जप्तीची कारवाई. नोकरी गेली तर फ्लॅट पोरीला शहरात ठेवत नाही. फ्लॅट आधी जातो, आणि विकलेलं वावर आधीच गेलेलं असतं.

याउलट तेवढंच जोडपं 10 हजार भाड्याच्या घरात राहिलं, तर हप्ता-मेंटेनन्सच्या मानाने महिन्याला सात हजार हातात राहतात. ते आवर्ती ठेवीत किंवा अशाच ठिकाणी टाकले तर पाच वर्षांत व्याज सोडूनही 4 लाख 20 हजार होतात. दोघंही कमवत असतील तर बरेच जास्त. तोवर नोकरी पक्की आहे का ते कळतं, कंपनी चाकणहून दुसरीकडं जाणार का ते कळतं, आणि दोघांचा पगार दाखवून कर्ज घेता येतं. भाड्याला ‘दुसऱ्याची भरती’ म्हणून नावं ठेवायची आपली जुनी सवय आहे. पण पहिल्या पाच वर्षांत हप्त्यातले किती पैसे मुद्दलात जातात, ते वर बघितलंच.

घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. नोकरी कायम असेल, स्वतःची शिल्लक असेल, राहायचंही तिथंच असेल, तर जरूर घ्या. नुसत्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 35 लाखांवर ते 35 हजार होतात. आणि मुलीच्या बापाला जी सुरक्षितता हवी होती, ती खरं तर या कागदावर मिळते. पण कर्जाला बहुतेक पगारवाल्यालाही सहकर्जदार व्हावं लागतं, तेव्हा बँकेत आधी विचारून घ्या.

मुलीकडच्यांनी काय विचारावं

‘फ्लॅट आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर मिळालं तरी त्यातून काही कळत नाही. मित्राचा फ्लॅट दाखवणारे आहेत, भाड्याचा दाखवणारे आहेत, चार भावांत एक असलेला दाखवणारेही आहेत. खात्री करायची असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू निघतो. कोणाच्या नावावर, कधी, कितीला घेतला, ते त्यात येतं.

त्यापेक्षा पगाराची पावती बघा. तिच्यावर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं? पीएफचं पासबुक पोराला मोबाईलवर दोन मिनिटांत उघडता येतं, किती वर्षं सलग पैसे जमा होतायत ते त्यात दिसतं. कर्ज किती आहे, कोणाकडून आहे, जमीन विकून काही घेतलंय का, हेही विचारा. आणि लग्नानंतर मुलगी नोकरी करणार असेल तर ते चालेल का, हे मुलाच्या आईला सगळ्यांसमोर विचारा. फ्लॅटपेक्षा त्या एका उत्तरावर पोरीचं शहरात राहणं जास्त अवलंबून असतं, असं माझं मत आहे.

आता श्रीगोंद्याच्या त्या घराचं काय झालं ते सांगतो.

खालच्या एकराला गिऱ्हाईक आलं होतं. सही लागणार म्हणून कर्जतला दिलेल्या बहिणीला बोलावलं. ती म्हणाली, “सही करते दादा, मला काही नको. पण त्या पोरीला तरी विचारलंय का कोणी, तिला काय पाहिजे?” कोणीच विचारलं नव्हतं. मध्यस्थाला मध्ये घालून दोघांचं फोनवर बोलणं झालं. मुलगी डी.फार्म. ती म्हणाली, “मला मेडिकलमध्ये नोकरी करायचीय. खोली भाड्याची चालेल, पण त्यात तुमचे तीन मित्र नकोत.” तिच्या वडलांच्या मनात थोरल्या मुलीचं होतं. तिच्या नवऱ्याची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली, ती अजून सासरी धारा काढते.

पुढच्या बैठकीला पोराने पगाराच्या पावत्या आणि पीएफचं पासबुक नेलं, आणि बुकिंग चाललंय हे खोटं होतं तेही सांगून टाकलं. त्याचे वडील मान खाली घालून बसले होते. मुलीचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “भाडं किती पडतं तिकडं?”

सुपारी फुटली तेव्हा मुलीच्या एका मामाने याद्यांत ‘पाच वर्षांत फ्लॅट’ असं लिहायचा हट्ट धरला. अर्धा तास त्यावर वाद झाला. शेवटी लिहिलं नाही. लग्न वैशाखात आहे. खालच्या एकरात यंदा कांदा लावलाय.